जुना अमेरिकन शिकारी चाकू हाती लागला तर आधी घासू नका

गणपतीत मंडळात दरवर्षी कोणीतरी विचारतंच, की अरे तू अंडंसुद्धा खात नाहीस आणि घरात शिकारीचे चाकू कसले जमवतोस. काय सांगणार, मी मिशिगनला राहतो. इथे १५ नोव्हेंबरला हरणांचा बंदुकीचा सीझन सुरू होतो, त्या दिवशी निम्मं ऑफिस गायब असतं, आणि इथल्या कुठल्याही जुन्या घराच्या बेसमेंटमध्ये माशांच्या गळांच्या डब्यात नायतर वर्कबेंचच्या खणात म्यानातला एक तरी चाकू पडलेला असतोच. आजोबा गेले की मुलं घर विकायला काढतात, त्याआधी दोन-तीन दिवस घरातलं सामान विकायला इस्टेट सेल लावतात, आणि मी बुकं नायतर भांडी बघायला म्हणून गेलो की हात आपोआप त्या डब्यात जातो. असे आता पंचवीस-तीस झालेत. दोन मित्रांनी मागच्या महिन्यात एकेक चाकू आणून "हा साफ कसा करू" विचारलं, त्यातल्या एकाने तो आधीच सँडपेपरने घासून आणला होता, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं.

आपल्या लोकांना हे विळीवरून पटकन कळतं बघा. आजीच्या विळीचं पातं आठवा, कैरी-लिंबू चिरून चिरून काळं-निळं पडलेलं असायचं, पण गंजलेलं नसायचं आणि धार अशी की बोट लावायची भीती वाटायची. जुने शिकारी चाकू पण बहुतेक कार्बन स्टीलचे, म्हणजे विळीचंच लोखंड म्हणा ना. त्यावरचा काळपट करडा थर हा बसलेला असतो, तो उलट खालच्या लोखंडाला सांभाळतो, त्याला इथे पॅटिना म्हणतात. लाल-तांबूस, भुसभुशीत, बोटाला लागणारा जो असतो तो खरा गंज, तो आत खात जातो. लाल काढायचा, काळा ठेवायचा. सगळी मेहनत एवढ्यासाठीच. चकाचक केलेला जुना चाकू बघून घरचे खूष होतात पण जमवणाऱ्या माणसासाठी त्याची निम्मी किंमत तिथेच गेलेली असते.

हे मी शहाणपणाने शिकलो असं नाही. सुरुवातीला रेमिंग्टन कंपनीचा एक चाकू मिळाला होता, १९२०-४० मधला, चामड्याची मूठ, पात्यावर लाल गंज. मी कुठेतरी ऐकलं होतं व्हिनेगरने गंज जातो, म्हणून पातं उंच ग्लासात व्हिनेगरमध्ये उभं केलं आणि झोपलो. सकाळी गंज गेलेला होता हे खरं, पण पातं मेलेल्या माशासारखं फिकट राखाडी झालं होतं आणि गार्डजवळचा (गार्ड म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामधली आडवी पट्टी) कंपनीचा शिक्का जो आदल्या दिवशी भिंगाने स्पष्ट वाचता येत होता तो पुसट, जणू ओल्या पाटीवर लिहिलंय. आम्लाला गंज आणि लोखंड यात फरक कळत नाही, ते दोन्ही खातं. तो चाकू आता मी कार्डबोर्डचे बॉक्स फोडायला वापरतो.

घेताना काय बघायचं

सगळ्यात आधी पात्याचा आकार. पन्नास वर्षं कोणीतरी दगडावर घासून घासून पातं झिजवलेलं असतं, आणि विकणारा म्हणतो मस्त धार आहे. मूठ धरून पातं आडवं बघा, गार्डजवळ जिथे दगड पोचत नाही तिथे धारेच्या रेषेला एक पायरी किंवा टेंगूळ दिसत असेल आणि पुढे पातं आत गेलेलं असेल तर ते झिजलंय. जुन्या कॅटलॉगमधलं त्या मॉडेलचं चित्र फोनवर काढून शेजारी धरलं की लगेच कळतं. टोक मोडून परत घडवलेलं असतं तेही असंच पकडता येतं. दुसरं, धारेवर कुठे निळसर-जांभळी छटा आहे का बघायची, असेल तर कोणीतरी ग्राइंडरवर लावून तापवलंय, तेवढ्या भागाचं पाणी उतरलं, तिथे धार टिकणार नाही, आणि ते घरी दुरुस्त होत नाही. आपल्याकडे दारावर सायकलचं चाक फिरवत धार लावणारे यायचे ते निदान पाण्याचा थेंब टाकायचे, इथले लोक कोरड्या ग्राइंडरवर सरळ ठिणग्या उडवतात.

मूठ हलतीये का, गार्ड खुळखुळतोय का, चामड्याच्या चकत्या आटून मध्ये फटी पडल्यात का हे हाताला कळतंच. म्यान सोबत असेल तर फाटकं असलं तरी घ्या. ओरिजिनल म्यान वेगळं शोधायला गेलात तर कधीकधी चाकूपेक्षा ते महाग पडतं. चाकू मूळ मालकाच्या घरातून येत असेल तर घरच्यांना विचारायला लाजू नका, कोणाचा होता, कुठे वापरायचे. मी ते चिठ्ठीवर लिहून ठेवतो.

कोणाचा आहे कसं ओळखायचं

शिक्का बहुतेक वेळा गार्डच्या लगेच पुढे, पात्याच्या धार नसलेल्या चौकोनी भागावर असतो. काळपट पात्यावर तो दिसत नाही म्हणून लोक घासतात, आणि तिथेच घोळ होतो. त्यापेक्षा खोलीतला दिवा बंद करा, फोनचा टॉर्च पात्याला जवळजवळ समांतर, अगदी कडेने आडवा मारा, अक्षरांच्या सावल्या उठून येतात. फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढवा. दहातले आठ शिक्के एवढ्यानेच वाचता येतात.

माझा जीव मार्बल्सच्या चाकूंवर, कारण ती कंपनी आमच्या मिशिगनचीच, वरच्या टोकाला लेकच्या काठी ग्लॅडस्टन म्हणून गाव आहे तिथली. वेबस्टर मार्बल नावाच्या माणसाने १८९८ ला खिशात मावेल अशी, पात्यावर झाकण मिटणारी कुऱ्हाड काढली आणि त्यावर कंपनी उभी केली, मार्बल सेफ्टी अ‍ॅक्स कंपनी. मग १९०० च्या आसपास त्याने आयडियल नावाचा शिकारी चाकू आणला. त्याआधी इथले शिकारी बरेचदा सरळ खाटकाचा सुरा नायतर इंग्लंडमधल्या शेफील्डचा माल वापरायचे, जंगलासाठी म्हणून विचार करून बनवलेला आणि कारखान्यात भरपूर निघालेला अमेरिकन चाकू म्हणजे आयडियल, नंतरच्या सगळ्यांनी थोडाफार त्याचाच कित्ता गिरवला. जाड पाठ, पात्याच्या अंगात खोल पन्हळ, आणि चामड्याच्या चकत्या ओवून केलेली मूठ. ती पन्हळ रक्त वाहून जायला असते असं प्रत्येक विकणारा सांगतो, मान डोलवायची आणि सोडून द्यायचं, ती वजन कमी करायला असते. १९११ ला कंपनीचं नाव बदलून मार्बल आर्म्स अँड मॅन्युफॅक्चरिंग झालं, त्यामुळे शिक्क्यात नुसतं एम. एस. ए. कंपनी, ग्लॅडस्टन, मिशिगन असेल तर चाकू जुन्या काळातला समजायचा. त्यांचा दुसरा गाजलेला म्हणजे वुडक्राफ्ट, १९१५-१६ चा, साडेचार इंची पातं, पुढे पोट सुटल्यासारखा गोल फुगवटा कारण तो कातडी सोलायला, आणि पाठीवर अंगठा घसरू नये म्हणून बारीक चौकड्या कोरलेल्या. त्यावर १९१६ च्या पेटंटचा उल्लेख दिसतो, पण पेटंटची तारीख म्हणजे चाकूची तारीख नाही हां, पेटंटचं वर्ष पुढे कित्येक वर्षं तसंच छापत राहतात, यात नवीन लोक हमखास फसतात.

वेस्टर्न ही कंपनी कोलोरॅडोतल्या बोल्डरची, प्लॅट्स घराण्याची. त्यांची खासियत मुठीत आहे. पात्याचं शेपूट मुठीच्या आत एक दांडी म्हणून न जाता दोन फाटे होऊन मुठीच्या वरच्या आणि खालच्या कडेने जातं, त्यामुळे चामड्याच्या दोन्ही बाजूंना पोलादाची पट्टी दिसते. याचं पेटंट १९३४ चं. अशी मूठ दिसली की शिक्का वाचायच्या आधीच वेस्टर्न म्हणायला हरकत नाही. १९७७ पासून त्यांनी मॉडेल नंबरसोबत अक्षर टाकायला सुरुवात केली, ए म्हणजे १९७७, बी म्हणजे १९७८, असं पुढे. नंतर कोलमनने कंपनी घेतली तेव्हा शिक्क्यात त्यांचंही नाव आलं.

केस कंपनी पेनसिल्व्हेनियात ब्रॅडफर्डची, आणि त्यांची ठिपक्यांची पद्धत म्हणजे जमवणाऱ्यांची बाराखडी. १९७० ला शिक्क्याखाली १० ठिपके, मग दरवर्षी एक कमी, १९७९ ला एकच उरला, १९८० ला परत १० पासून सुरू पण केस नावातलं इंग्रजी एस अक्षर विजेसारखं तिरकस. पण हे हिशेब त्यांच्या मिटणाऱ्या खिशातल्या चाकूंचे, म्यानातल्या चाकूवर जसेच्या तसे लावत बसू नका.

बक म्हणजे होईट बक, कॅन्ससमध्ये लोहाराकडे शिकाऊ असताना १९०२ मध्ये त्याने पहिला चाकू केला, पण कंपनी खरी वाढली सॅन डिएगोत. १९६४ चा ११० नंबरचा मिटणारा चाकू, पितळेची टोकं आणि लाकडी बाजू, उघडला की खटकन लॉक होतो, तुम्ही सिनेमात शंभर वेळा बघितला असेल. त्याच्या शिक्क्यातले ठिपके, नंबर, ओळी यावरून काळ लागतो आणि १९८६ पासून तर प्रत्येक वर्षाची एक छोटी खूण आहे. २००५ ला कारखाना आयडाहोला गेला. बकचं पातं स्टेनलेस, त्यामुळे विळीचा नियम इथे लागत नाही, साबणपाणी आणि पितळेला हलकं पुसणं एवढं पुरतं.

श्रेड कंपनीचा शार्पफिंगर, १९७४ पासूनचा, छोटासा, वाघनखासारखा वर वळलेला, हा सुरुवातीला घ्यायला सगळ्यात बरा कारण ढिगाने मिळतो आणि चुकला तरी जीव जळत नाही. फक्त एक बघा, त्यांचा न्यूयॉर्क राज्यातला कारखाना २००४ ला बंद पडला, त्यानंतर नाव विकलं गेलं आणि त्याच नावाचा माल चीनमधून यायला लागला. शिक्क्यात यूएसए आहे का नाही, तेवढंच.

आणि वरच्या दर्जाचे, म्हणजे स्केगल आणि रँडल. विल्यम स्केगल हा मिशिगनचाच एकटा जीव, १९६३ ला गेला, चामडं, पितळ आणि शिंग एकत्र ओवून मुठी करायचा. फ्लोरिडाचे बो रँडल १९३० च्या दशकात इथल्या वॉलून लेकवर सुट्टीला आले होते, तिथे एक माणूस चाकूने होडीचा रंग खरवडत होता आणि तरी पात्याला काही होत नव्हतं, तो चाकू स्केगलचा निघाला, रँडलनी तो मिळवला आणि स्वतःच चाकू करायला बसले. हे दोन्ही आपल्या खिशाबाहेरचे, आणि जिथे पैसा तिथे नकली माल. इस्टेट सेलला स्वस्तात स्केगल मिळाला असं कोणी म्हणालं तर अभिनंदन करा आणि पाकीट खिशातच ठेवा.

नकलीबद्दल थोडक्यात, खरा जुना शिक्का ठोकलेला असतो, अक्षरांचा तळ खोल आणि कडा किंचित दबलेल्या. आम्लाने किंवा लेझरने नंतर काढलेला उथळ असतो. सगळं पातं झिजून गुळगुळीत आणि शिक्का मात्र काल ठोकल्यासारखा, हे गणित जमत नाही. पॅटिनाही खोटा करतात, व्हिनेगरने वगैरे, तो बरेचदा सगळीकडे सारखा येतो. खरा कधीच सारखा नसतो, जिथे अंगठा घासला तिथे उजळ, गार्डच्या कोपऱ्यात गडद.

मूठ बघून काय कळतं

चामड्याच्या चकत्या, हाड, शिंग, लाकूड, प्लॅस्टिक, असे प्रकार. यात शिंगाचं आपल्याशी नातं आहे. अमेरिकन हरणाच्या शिंगाचा आतला भाग पोकळ-सच्छिद्र जास्त, सांबराचं शिंग भरीव, म्हणून जुन्या चांगल्या चाकूंच्या मुठींना लागणारं सांबरशिंग भारतातून जायचं, शेफील्डला, जर्मनीला आणि इथेही. आपल्याकडे जे सहाणेवर उगाळून छातीला लावायचे तेच. नंतर आपल्याकडून निर्यात बंद झाली, त्यामुळे जुन्या सांबराच्या मुठींचा भाव वाढला. पण म्हणूनच असा चाकू भारतात भेट म्हणून न्यायच्या भानगडीत पडू नका, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, कस्टमला तुम्ही समजावत बसणार का, की हे शिंग १९५० ला तिकडूनच आलं होतं? पात्याचंही आहे, शस्त्र नियमांत ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याचा चाकू, घरकाम-शेती वगैरेचा सोडून, हा शस्त्रात मोडतो. बहुतेक शिकारी चाकू त्यापेक्षा लहान असतात पण विमानतळावर पट्टी घेऊन वाद घालण्यात मजा नाही.

जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी मात्र वेगळ्या ठेवा, म्हणजे खरंच वेगळ्या डब्यात. ते प्लॅस्टिक म्हातारं झालं की आम्लाची वाफ सोडतं, आणि शेजारचे चांगले चाकू गंजवून टाकतं. कापराचा वास, बारीक भेगा, शेजारी अचानक गंज, असं दिसलं की समजायचं. आणि ते पेट घेतं, त्यामुळे ग्राइंडर, बफर (पॉलिशचं फिरतं चाक) अजिबात नाही.

आता प्रत्यक्ष साफ करणं

मागच्या वर्षी सेलच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे सगळं अर्ध्या किमतीत असतं तेव्हा, एक वुडक्राफ्ट मिळाला. म्यानात होता आणि कित्येक वर्षं तसाच होता हे उघड होतं, कारण बाहेर काढताना करकर आवाज आला. चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार चामड्यात राहतात, वर ते दमट हवा धरून ठेवतं, त्यामुळे म्यानात ठेवलेला चाकू बाहेर ठेवलेल्यापेक्षा जास्त गंजतो. म्यानाच्या पितळी रिव्हेटांवर हिरवा चिकट थर होता. ताक पितळेच्या भांड्यात राहिलं की कळकतं ना, तसाच हा कळंक, इथे चामड्यातल्या तेलामुळे. तो काढायला चिंच किंवा पितांबरीचा मोह होईल, देवघरातली भांडी आणि हे यात फरक आहे, ओलं आम्ल चामड्यात झिरपतं. मी टूथपिकने कोरडाच खरवडला आणि जुन्या टूथब्रशने झाडला, बस.

आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. मग धारेवर मास्किंग टेप, कारण साफ करताना हात कापणारे सगळे हेच म्हणतात की धार तर नव्हतीच. पात्याला साधं मशीनचं पातळ तेल लावून कागदी टॉवेलमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवला, तेल फक्त पात्याला, चामड्याला लागू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी एक सेंट घेतला. हो, नाणंच. १९८२ च्या आधीचे इथले सेंट ९५ टक्के तांब्याचे आहेत, नंतरचे आत जस्त आणि वर नुसता मुलामा, म्हणून वर्ष बघून घ्यायचं. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्याची कड तेलात घासली की लाल गंजाचे फोड उचकटून येतात आणि खालच्या काळ्या थराला ओरखडा जात नाही. तेल तांबडं चिखलासारखं झालं की पुसायचं, नवीन घालायचं. तास दीड तास गेला. मग राहिलेल्या ठिकाणी ०००० नंबरचं, म्हणजे सगळ्यात बारीक स्टील वूल, तेलात भिजवून, बोटाच्या वजनाने, पात्याच्या लांबीच्या दिशेने. शिक्क्याच्या आसपास नुसतं तेल आणि कापड. खड्डे राहिले तर राहिले, ते काढायचे म्हणजे सगळं पातं घासून खाली आणायचं, आणि मग तो चाकूच वेगळा होतो. बाजारात गंज विरघळवणारे द्रव मिळतात, व्हिनेगरपेक्षा बरे, पण काळा थर पण जातो आणि पातं सपाट करडं दिसतं, म्हणून मी ते फक्त फार बिघडलेल्या, वापरायच्या चाकूला वापरतो.

बफिंग व्हीलबद्दल एकदाच सांगतो, नको. शिक्का पुसला जातो, कडा गोल होतात, आणि चाक पात्याची धार पकडून चाकू कुठे फेकेल सांगता येत नाही, पोटाच्या उंचीवर.

चामड्याची मूठ सॅडल सोप, म्हणजे चामडं साफ करायचा साबण, किंचित ओल्या फडक्यावर घेऊन पुसली, फडकं काळं होतं, दोनदा केलं, मग दोन दिवस सावलीत वाळू दिली, हीटरजवळ नाही. वाळल्यावर चामड्याचं मेण बोटाने चोळलं, थोडंसंच. इथे सगळे तेल ओततात, आणि चकत्या फुगून मऊ पडतात, मूठ हातात शेवयाच्या उंडीसारखी लागते. चकत्या आटून मूठ सैल झाली असेल तर जुन्या चांगल्या चाकूला तशीच राहू द्या, फटीत सुपरग्लू ओतू नका, तो चामड्यात शोषून काळा डाग पडतो आणि परत निघत नाही. वापरायचाच असलेला, फारशी किंमत नसलेला चाकू असेल तर मुठीमागची टोपी सोडवून, वनस्पतीने कमावलेल्या चामड्याच्या नव्या चकत्या कापून, भोकं पाडून, ओवून, दाबून चिकटवता येतात, पण त्यात एक अख्खा वीकेंड जातो, आणि मूळच्या लाल-काळ्या-पितळी पट्ट्या कुठल्या क्रमाने होत्या त्याचा फोटो आधी काढलेला नसेल तर बसा आठवत. मी एकदा असाच बसलोय.

हाड आणि शिंगाला पाण्यात बुडवायचं नाही, कोरडा ब्रश आणि मिनरल ऑइलचा एक थेंब. खोबरेल किंवा गोडं तेल नको, खवट होतं, चिकट होतं.

धार लावायची का? संग्रहातला असेल तर नाही. वापरणार असाल तर दगडावर हाताने पाजवा, जुना कोन आहे तोच धरून. मार्करने धारेवर रेघ ओढायची आणि दोन हात मारून बघायचं, शाई कुठून गेली त्यावरून कोन बरोबर आहे का कळतं.

शेवटी पूर्ण कोरडं करून पात्याला मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात, म्युझियमवाले वापरतात ते, आणि मऊ फडक्याने पुसणे. माझ्या बेसमेंटला उन्हाळ्यात इतका दमटपणा असतो की डीह्युमिडिफायर चालू नसेल तर पंधरा दिवसांत लाल ठिपके येतात, म्हणून चाकू लाकडी खणात साध्या सुती कापडात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि दिवाळीला व गुढीपाडव्याला असं वर्षातून दोनदा सगळे बाहेर काढून पुसतो, तारीख विसरत नाही म्हणून. म्यान शेजारी वेगळ्या पिशवीत, त्यात ती चिठ्ठी. वुडक्राफ्टच्या चिठ्ठीवर एवढंच आहे की सेलच्या टेबलावर बसलेल्या बाई म्हणाल्या, वडिलांचा होता, हरीण त्यांनी आयुष्यात दोनच मारली, बाकी याने सफरचंदं कापायचे.